धातूची झिलई आणि लेबलाचा चिकटा

धातूच्या वस्तूवर बसलेले जुने लेबल आणि त्यामागे उरणारा चिकटा काढणे हे काम स्वयंपाकघरात, गॅरेजात, जुन्या वस्तूंच्या दुकानात आणि वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत सारखेच करावे लागते, आणि या चारही ठिकाणी अडचण एकच असते. चिकटा विरघळवणारी द्रव्ये पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी कोणते चिकट्यापाशी थांबेल आणि कोणते खालच्या झिलईतही शिरेल, हे वस्तूकडे नुसते पाहून सहसा कळत नाही. ‘झिलई’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. धातूचा घासून चकचकीत केलेला उघडा पृष्ठभाग, त्यावर विजेच्या साहाय्याने चढवलेला दुसऱ्या धातूचा मुलामा, हवेशी किंवा रसायनाशी संयोग होऊन तयार झालेला ऑक्साइडचा थर, आणि वरून दिलेले रंग, रोगण व लाखेचे लेप या सर्वांचा त्यात समावेश होतो. ‘हा डाग कशाने जाईल?’ या प्रश्नाआधी ‘या डागाखाली काय आहे?’ हा प्रश्न विचारला पाहिजे, अशी प्रस्तुत विवेचनाची भूमिका आहे. घरगुती उपायांच्या याद्यांत आणि बाजारात मिळणाऱ्या फवाऱ्यांच्या डब्यांवर हा पहिला प्रश्न बहुधा गाळलेलाच असतो, आणि वस्तू बिघडतात त्या मुख्यतः त्यामुळे.

या प्रश्नाचा इतिहास चिकटपट्टीच्या इतिहासाइतकाच जुना आहे, किंबहुना आजच्या चिकटपट्टीचा जन्मच त्यातून झाला. रबराचा चिकट लेप कापडी पट्टीला लावून जखमेवर बसवण्याची कल्पना अमेरिकेत 1845 मध्ये होरेस डे या शल्यचिकित्सकाने अमलात आणली होती. परंतु विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोटारींना दोन रंग देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा रंगांची सीमारेषा आखण्यासाठी रंगारी हीच वैद्यकीय पट्टी किंवा खळीने चिकटवलेला कागद वापरू लागले, आणि तो ओढून काढताना खालचा ताजा रंगही उपटून येऊ लागला. मिनेसोटातील सेंट पॉल येथील थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्रू हा तरुण कर्मचारी सँडपेपरचे नमुने घेऊन अशा कारखान्यांत जात असे; रंगाऱ्यांची ही अडचण पाहून त्याने धरण्यापुरती धरणारी आणि रंगाला धक्का न लावता निघणारी कागदी पट्टी 1925 मध्ये तयार केली, आणि 1930 मध्ये त्यानेच पारदर्शक सेलोफेन पट्टीही सिद्ध केली. पुढे 1935 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरी याने मागे चिकटद्रव्य असलेली, हव्या त्या आकारात कापलेली लेबले बनवण्यास सुरुवात केली आणि आपल्या उद्योगाला ‘कम क्लीन प्रॉडक्ट्स’ असे नाव दिले. वस्तूवर खूण न ठेवता निघणे हा लेबलाचा गुण मानला गेला पाहिजे, ही जाणीव या धंद्याच्या आरंभापासून होती, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. कारण आज बाजारातून आणलेल्या निम्म्याअधिक वस्तूंवरील लेबले पाहता ती जाणीव हरवली असावी असे वाटते.

लेबलामागचे द्रव्य नेमके काय असते, हे समजून घेतल्याखेरीज ते काढण्याच्या कोणत्याही पद्धतीचा अर्थ लागत नाही. खळ, डिंक किंवा सरस हे पाण्यात कालवलेले पदार्थ सुकून कडक होतात आणि त्या कडकपणामुळे धरतात. लेबलाचे चिकटद्रव्य मात्र कधीच सुकत नाही. ते कायम मऊ राहते, केवळ बोटाच्या दाबाने पृष्ठभागावर पसरते आणि म्हणून शास्त्रीय परिभाषेत त्याला दाबसंवेदी आसंजक म्हणतात. आसंजन म्हणजे दोन भिन्न पदार्थांमधील ओढ आणि संसंजन म्हणजे एकाच पदार्थाच्या कणांमधील आपसातील ओढ. या दोन्ही ओढींचे प्रमाण नेमके साधणे हे या द्रव्याच्या निर्मितीतील खरे कौशल्य असते. थ्रीएममधीलच कार्ल डालक्विस्ट या संशोधकाने असे दाखवून दिले की, पदार्थाची ताठरता सुमारे 3 लाख पास्कलच्या खाली असेल तरच तो नुसत्या स्पर्शाने चिकटू शकतो, कारण त्याहून ताठर पदार्थ पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचाखोचांत उतरू शकत नाही. हे द्रव्य संथपणे वाहत असते, आणि म्हणूनच आज लावलेले लेबल आज जितके सहज निघते तितके तीन दिवसांनी निघत नाही. दरम्यानच्या काळात ते धातूच्या घासलेल्या रेषांत आणि छिद्रांत उतरत गेलेले असते.

संथपणे वाहणे आणि रबरासारखे ताणून परत येणे हे दोन्ही गुण एकाच पदार्थात असले की त्याला श्यान-प्रत्यास्थ म्हणतात, आणि अशा पदार्थाच्या बाबतीत वेग आणि तापमान एकमेकांची जागा घेऊ शकतात. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी 1955 मध्ये या संबंधाचे जे समीकरण मांडले, त्याचा व्यावहारिक अर्थ साधा आहे : झटक्याने ओढणे म्हणजे पदार्थाला थंड आणि ताठर केल्यासारखे वागवणे, आणि सावकाश ओढणे म्हणजे त्याला ऊब दिल्यासारखे वागवणे. लेबल झटकन ओढले की कागद फाटतो आणि चिकटा धातूवर राहतो, किंवा खालचा रंग अशक्त असेल तर रंगासकट सर्व उपटून येते. तेच लेबल कोमट करून, कडा मागे दुमडून, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर ठेवून संथपणे ओढले तर चिकटा लेबलाबरोबर निघण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मात्र उष्णता प्रमाणाबाहेर झाली की चिकट्याचे स्वतःचे संसंजन ढासळते, तो मधोमध तुटतो आणि त्याच्या तारा निघू लागतात. केस वाळवण्याच्या यंत्राची 50 ते 60 अंश सेल्सिअसची ऊब बहुतेक कामांना पुरेशी असते. रंगकाम खरवडण्यासाठी वापरली जाणारी गरम हवेची बंदूक 300 अंशांच्या पलीकडे सहज जाते आणि या कामात तिला जागा नाही.

जुन्या लेबलाची गोष्ट आणखी वेगळी असते, कारण काळ चिकट्याची रचनाच बदलतो. नैसर्गिक रबर आणि राळ यांच्या मिश्रणातून बनलेला चिकटा हवेतील ऑक्सिजनमुळे प्रथम पातळ व तेलकट होतो, नंतर पिवळा पडतो आणि शेवटी ठिसूळ, तपकिरी पापुद्र्याच्या रूपात उरतो; या अखेरच्या अवस्थेत त्याच्या रेणूंमध्ये आडवे रासायनिक बंध तयार झालेले असल्याने तो कोणत्याही द्रवात पूर्णपणे विरघळत नाही, केवळ फुगतो. अॅक्रिलिक चिकटा उन्हापावसात पुष्कळ टिकतो, पण तोही बहुधा मुळातच बंधित असतो आणि फुगवूनच काढावा लागतो. व्हिनाइलच्या लेबलांत प्लास्टिक मऊ ठेवण्यासाठी घातलेले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे चिकट्यात झिरपत राहते, त्यामुळे वरचे लेबल कडक होऊन तुकड्यातुकड्याने तुटते आणि खालचा चिकटा बुळबुळीत होतो. यावरून कामापूर्वी एक छोटी पाहणी करता येते. चिकट्यावर बोट घासले असता त्याच्या वळ्या झाल्या तर तो अजून तरुण आहे आणि त्यावर ताजी चिकटपट्टी दाबून पुनःपुन्हा उचलल्यास बराचसा निघेल. तारा सुटल्या तर तो तापवून, वितळवून लावायच्या चिकट्याचा प्रकार असून थंड केल्यास अधिक नीट सुटेल. आणि नखाने टोकरल्यावर पूड पडली तर तेथे घाई करून चालणार नाही.

येथून विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे झिलईकडे वळले पाहिजे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असते आणि ते हवेशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतका, अदृश्य ऑक्साइडचा थर धरते. गंजापासूनचे सारे संरक्षण या थरावर अवलंबून असते आणि ओरखडा पडला तरी तो हवेत आपोआप पुन्हा धरतो. म्हणजे या धातूला विद्रावकांचे, अर्थात चिकटा विरघळवणाऱ्या द्रवांचे, भय जवळजवळ नाही. त्याला भय आहे ते क्लोराइडचे, लोखंडी तारेच्या घासणीचे आणि घासण्याच्या चुकीच्या दिशेचे. कपडे पांढरे करण्याच्या क्लोरीनयुक्त द्रवाने पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. लोखंडी तारेचे कण धातूत रुतून बसतात आणि दोन दिवसांत तेथे तांबूस ठिपके उमटतात. आणि एका दिशेने घासून काढलेल्या मंद झिलईवर आडवा हात फिरवला की तो चरा पुन्हा जात नाही. कोकणपट्टीसारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात आणखी एक गोष्ट दिसते. लेबलाच्या कडेखाली ओलसर मीठ साचते, तेथे ऑक्सिजन पोहोचत नाही आणि संरक्षक थर पुन्हा धरू शकत नाही; परिणामी लेबल काढल्यावर त्याच्या कडेच्या आकाराची गंजाची रेघ आढळते, आणि दोष मात्र शेवटी लावलेल्या तेलावर किंवा स्पिरिटवर येतो.

अॅल्युमिनियमवर विद्युत-रासायनिक क्रियेने मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडचा थर, ज्याला अॅनोडायझिंग म्हणतात, साधारण 5 ते 25 मायक्रोमीटर जाडीचा असतो (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो ओरखड्यांना दाद देत नाही, पण अल्कली आणि तीव्र अम्ल या दोहोंत विरघळतो. म्हणून धुण्याचा सोडा किंवा भट्टी साफ करण्याचे द्रव त्यावर एकदाही लावू नयेत. पत्र्यावरील जस्ताच्या थराचीही हीच गत असल्याने, व्हिनेगर आणि सोडा या दोन लोकप्रिय घरगुती उपायांपैकी एकही जस्ताच्या बादलीला मानवत नाही. नळांवरचा आणि जुन्या स्कूटरींवरचा शोभेचा क्रोम मुलामा तर अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो आणि चकाकीचे बरेचसे श्रेय त्याच्याखालच्या निकेलला असते. संडास साफ करण्याच्या द्रवातील हायड्रोक्लोरिक अम्ल तो पाहता पाहता खाऊन टाकते. कल्हई केलेल्या पितळी भांड्यावर कथलाचा थर असतो आणि कथील 232 अंशांना वितळते, त्यामुळे लेबल सुटावे म्हणून असे भांडे रिकामेच आचेवर धरले तर कल्हई वाहून एका बाजूला गोळा होते.

पितळ आणि तांबे यांच्याबाबत एक ऐतिहासिक दाखला देणे आवश्यक वाटते, कारण तो याच भूमीतला आहे. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्याच्या दिवसांत तबेल्यांत साठवली जात, आणि तेथे ठेवलेल्या काडतुसांना कोणताही आघात न होता भेगा पडत. घोड्यांच्या मूत्रातून हवेत येणारा अमोनिया, हवेतील दमटपणा आणि काडतूस ओढून घडवताना धातूत अडकून राहिलेला ताण, या तिघांच्या संयोगाने पितळ फुटते, असा उलगडा 1921 मध्ये झाला. काच पुसण्याच्या अनेक द्रवांत अमोनिया असतो, आणि ओढून किंवा ठोकून घडवलेल्या पितळी वस्तूवरील लेबल भिजवण्यासाठी ते वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळण्यास हे कारण पुरेसे आहे. शोभेच्या पितळी वस्तूंवर बहुधा पारदर्शक लाखेचा किंवा कृत्रिम रोगणाचा हात दिलेला असतो, आणि ते रोगण एका ठिकाणी निघाले की तेवढाच भाग काळवंडू लागतो. मग लेबलाच्या आकाराचा डाग कायमचा उरतो.

रंग आणि रोगण यांचे लेप मुळात दोन जातींचे असतात, आणि या एका भेदाचे ज्ञान बाकी सर्व सूचनांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. पहिल्या जातीचे लेप केवळ त्यांतील द्रव उडून गेल्याने सुकतात. रंगारी ज्याला ड्युको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोजचा रंग आणि स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेली लाख ही त्याची उदाहरणे होत. असा लेप पन्नास वर्षांनीही आपल्या मूळ द्रवात पुन्हा विरघळतो. दुसऱ्या जातीचे लेप रासायनिक क्रियेने किंवा भट्टीत भाजून पक्के होतात. आजच्या मोटारींचा पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर आणि लोखंडी कपाटांवरचा कारखान्यात भाजलेला इनॅमल रंग या वर्गात मोडतात, आणि ते विद्रावकाचा अल्पकाळचा स्पर्श सहन करतात, जरी अॅसिटोनने तेही मऊ होऊ शकतात. मुलांनी स्टिकर लावलेले लोखंडी कपाट दोन्हींपैकी कोणत्याही प्रकारचे असू शकते, कारण मूळचा भाजलेला रंग जाऊन त्यावर गल्लीतल्या रंगाऱ्याने ड्युको मारलेला असण्याचा संभव असतो. यावर उपाय असा की, कपाटाच्या दाराच्या आतल्या कडेला, जेथे नजर जात नाही तेथे, थिनरमध्ये बुडवलेली कापसाची काडी अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवावी. कापसाला रंग लागला तर थिनर आणि अॅसिटोन दोन्ही वर्ज्य समजावे; कापूस पांढरा राहिला तरी त्या जागेवर नख हळूच दाबून रंग मऊ झाला आहे का, हे पाहावे.

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जुने शिलाई यंत्र. सिंगर आणि तिच्या धर्तीच्या जुन्या यंत्रांच्या बिडाच्या अंगावर काळ्या, डांबरी द्रव्ययुक्त रोगणाचे भाजलेले थर असतात, त्यांवर सोनेरी वेलबुट्टी आणि कंपनीचे नाव छापाने उमटवलेले असते, आणि या सर्वांवर संरक्षणासाठी लाखेचा पातळ हात असतो. आता अशा यंत्रावर दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या नावपत्त्याचे लेबल लावले आहे आणि कोणी ते काढण्यासाठी औषधाच्या दुकानातले स्पिरिट वापरले, तर काय होते ते क्रमाने पाहण्याजोगे आहे. स्पिरिट लेबलाच्या चिकट्यावर फारसा परिणाम करत नाही, कारण त्या काळचा चिकटा बहुधा रबराचा असतो. पण लाख मात्र स्पिरिटमध्येच विरघळत असल्याने ती क्षणात चिकट होते, फडक्याला लागते, तिच्याबरोबर वेलबुट्टीचा सोनेरी रंग आधी रुपेरी पडतो आणि नंतर नक्षीच पुसली जाते. काळे रोगण तेवढे शाबूत राहते आणि त्यावर लेबलाचा चिकटाही. याउलट, त्याच यंत्राच्या खणात पडलेल्या शिलाई यंत्राच्या तेलाचे चार थेंब लेबलावर सोडून ते एक रात्र तसेच ठेवले, तर रबराचा चिकटा फुगतो, लाखेला काही होत नाही, आणि सकाळी लाकडी काडीने लेबल सरकवता येते.

असे का घडते, याचे स्पष्टीकरण विद्राव्यतेच्या सिद्धान्तात आहे. समान प्रकृतीचे पदार्थ एकमेकांत विरघळतात, हे रसायनशास्त्राचे जुने सूत्र. चार्ल्स हान्सेन याने 1967 मध्ये त्याला मोजमापाचे रूप दिले आणि प्रत्येक पदार्थाची प्रकृती तीन अंकांनी दर्शवली : रेणूंमधील सर्वसाधारण ओढ, विद्युतभाराच्या विषम वाटणीमुळे येणारी ओढ, आणि हायड्रोजन बंधांमुळे येणारी ओढ. रबर आणि राळ यांच्या प्रकृतीत पहिल्याखेरीज बाकी दोन्ही ओढी क्षीण असतात. रॉकेल, पांढरे टर्पेंटाइन, खोबरेल तेल आणि संत्र्याच्या सालीतून मिळणारे लिमोनीन यांचेही तसेच असते. लाखेला हायड्रोजन बंध करणारे स्पिरिट लागते. नायट्रोसेल्युलोजला अॅसिटोन आणि त्याच्या कुळातील द्रव लागतात. म्हणून रबराचा चिकटा आणि लाखेची किंवा ड्युकोची झिलई अशी जोडी असेल तर तेलकट कुळातील द्रव चिकटा नेमका निवडून काढतात. अॅक्रिलिक चिकट्याची प्रकृती मात्र अॅसिटोनच्या बाजूला झुकलेली असल्याने, अॅक्रिलिक चिकटा आणि ड्युकोचा रंग ही जोडी सर्वांत कठीण ठरते. तेथे विद्रावकाचा नाद सोडून सौम्य ऊब, संथ ओढ आणि बोटाने वळ्या करणे एवढ्यावरच भिस्त ठेवणे श्रेयस्कर.

द्रव कोणता यापेक्षाही तो किती वेळ टिकतो, हे अनेकदा महत्त्वाचे ठरते. अॅसिटोन 56 अंशांना उकळते आणि साध्या हवेतही काही सेकंदांत उडून जाते; चिकट्यात शिरण्याआधीच ते नाहीसे झाले की माणूस पुन्हा ओततो, पुन्हा घासतो, आणि झीज द्रवापेक्षा घासण्यानेच अधिक होते. कापसाचा बोळा द्रवात भिजवून लेबलावर ठेवणे आणि त्यावर प्लास्टिकचा तुकडा झाकून दहापंधरा मिनिटे थांबणे ही रीत त्याहून कितीतरी सरस आहे. वस्तुसंग्रहालयांत हेच काम द्रव धरून ठेवणाऱ्या घट्ट जेलने केले जाते. लेबलाचा वरचा पदर प्लास्टिकचा असेल तर कोणताच द्रव त्यातून आत जात नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तो पदर आधी ऊब देऊन सोलावा, आणि कागद उरला की मग तेल लावावे.

घरोघरी सर्वाधिक घडणारा प्रसंग नव्या स्टीलच्या भांड्याचा आहे. डबा, ताट किंवा पातेले दुकानातून आल्यावर ते गॅसच्या ज्योतीवर धरून लेबल काढण्याची रीत महाराष्ट्रात सर्रास आढळते. रिकाम्या भांड्याचा पातळ पत्रा काही सेकंदांतच 300 अंशांच्या आसपास पोहोचतो, तेथे ऑक्साइडचा थर जाड होऊन पिवळसर आणि पुढे निळसर छटा उमटतात, आणि चिकटा जळून काळ्या कोळशासारखा घट्ट बसतो. त्याच भांड्यात उकळते पाणी ओतून दोनतीन मिनिटे थांबले, तर पत्रा 100 अंशांच्या वर जाऊच शकत नाही आणि बाहेरच्या लेबलाला हवी तेवढीच ऊब मिळते. कोपरा नखाने उचलून लेबल पत्र्यालगत मागे दुमडावे आणि घाई न करता ओढावे. लेबल भांड्याच्या आतल्या तळाला असेल तर भांडेच गरम पाण्याच्या परातीत ठेवावे. उरलेल्या चिकट्याला खोबरेल तेल चोळून अर्धा तास जाऊ द्यावा, तो फडक्याने झिलईच्या रेषांच्या दिशेने पुसावा आणि भांडे साबणाने धुवावे. हिरव्या घासणीत धातूहून कितीतरी कठीण खनिजाची पूड असते आणि तुसाच्या राखेत सिलिका असते. या दोहोंनी चिकटा निघतो, पण चकाकीही निघते. ज्या भांड्यावर नाव आणि तारीख कोरून घेऊन ते दोन पिढ्या वापरले जाते, त्याला पहिल्याच दिवशी चरे पडावेत, हे खटकण्यासारखे आहे. स्वयंपाकाच्या भांड्यात आतून रॉकेल, थिनर किंवा गंज सोडवण्याचे फवारे वापरू नयेत. खाद्यतेल आणि साबण यांनी जे निघत नाही असे तेथे फारसे काही नसते.

हत्यारांविषयी थोडक्यातच सांगता येते : वस्तूहून मऊ ते हत्यार चालते. लाकडाची चपटी काडी, बाद झालेले प्लास्टिकचे कार्ड आणि सुती फडके पुरेसे असते. दाढीचे पाते धातूवर कधीही नसावे. आगीविषयी मात्र विस्ताराने बोलणे भाग आहे. अॅसिटोनची वाफ शून्याखाली सुमारे 20 अंशांवरही पेट घेऊ शकते, आयसोप्रोपिल अल्कोहोलची 12 अंशांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रातील जवळजवळ कोणत्याही ऋतूत. आणि या वाफा हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरकत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचतात. देवघरातील समई, गॅसची शेगडी आणि पाणी तापवण्याचा बंब चालू असताना त्या घरात थिनरची बाटली उघडू नये. पेट्रोल तर या कामासाठी हाताळूच नये, कारण ते भडकते आणि त्यातील बेंझीन कर्करोगकारक आहे.

शेवटी एक प्रश्न असा आहे की, लेबल काढावेच का? लखनौ येथे 1976 मध्ये स्थापन झालेली सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे जतनकेंद्र यांसारख्या ठिकाणी ज्या शास्त्राचा अवलंब होतो, त्याचे पहिले तत्त्व कमीत कमी हस्तक्षेपाचे आहे. जुन्या समईच्या बुडाशी असलेले दुकानदाराचे लेबल, पेटीवरची बोटकंपनीची चिठ्ठी, यंत्रावरची दुरुस्तीची तारीख हे त्या वस्तूच्या प्रवासाचे पुरावे असतात आणि एकदा गेले की परत मिळत नाहीत. अशा लेबलाचे छायाचित्र आधी घ्यावे, त्यावरील मजकूर टिपून ठेवावा, आणि चिकट्यामुळे धातूला प्रत्यक्ष अपाय होत असेल तरच पुढचे पाऊल टाकावे. रंगीत पत्र्यावरील लेबल काढल्यावर भोवतीचा रंग उन्हाने विटलेला आणि आतला ताजा दिसतो. ही खूण चिकट्याची नसते, ती घासून जाणार नाही, आणि ती घालवण्याच्या प्रयत्नात चांगल्या रंगाचा बळी देऊ नये.

या विषयात ग्राहकाने शिकण्याजोगे पुष्कळ असले तरी सारा भार त्याच्यावर टाकणे न्याय्य नाही. वेष्टित वस्तूंवर किंमत, उत्पादकाचे नाव आणि इतर तपशील छापण्याचे बंधन 2011 च्या वैधमापनशास्त्र नियमांनी घातले आहे आणि ते ग्राहकाच्या हिताचेच आहे. परंतु तो तपशील ताटाच्या ऐन मध्यभागी, कायमस्वरूपी चिकट्याने बसवावा, असे कोणताही नियम सांगत नाही. खूण न ठेवता निघणारी चिकटद्रव्ये अनेक दशकांपासून उपलब्ध आहेत. थ्रीएममध्ये स्पेन्सर सिल्व्हर याला 1968 मध्ये सापडलेले सूक्ष्म गोलकांचे चिकटद्रव्य 1980 पासून कचेऱ्यांतील टिपणांच्या चिठ्ठ्यांवर वापरात आहे. भांडी, नळ आणि घरगुती उपकरणे बनवणाऱ्यांनी आपली लेबले वस्तूच्या तळाशी किंवा वेष्टनावर लावावीत, त्यांसाठी सहज सुटणारे चिकटद्रव्य निवडावे, आणि वस्तूवर कोणती झिलई आहे हे त्याच लेबलावर दोन शब्दांत छापावे, अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.